बुध्याचं गोत

बुध्याचा आमच्याकडे एकच फोटो आहे. जानेवारी २०००, तालुक्याच्या पशुप्रदर्शनाचा मांडव, बाबांच्या हातात वेसणीची दोरी आणि शेजारी बुध्या, चार दाती (चार पक्के दात आलेला) गवळाऊ जातीचा सांड. गळ्यातल्या झेंडूच्या हाराला तोंड लावायला त्यानं मान वळवली, म्हणून तोंड जरा हललेलं आलंय. घरी येणारा प्रत्येक जण तो फोटो बघतो आणि ढालीबद्दल विचारतो. ढाल माहेरी भिंतीतल्या देवळीत आहे. पण बुध्या खरा समजून घ्यायचा असेल तर मी लाल पुठ्ठ्याची एक लांब वही पुढे ठेवते, किराणावाले उधारी लिहितात तसली. कोणत्या गावची, कोणाची, कोणती गाय बुध्याकडे कधी आणली, फळली (गाभण राहिली) की उलटली (पुन्हा माजावर आली), काय व्याली, आणि त्या वासराचं पुढं काय झालं, हे सगळं तिच्यात आहे. पहिल्या पानावरचं अक्षर माझं, सातवीतलं.

माझं माहेर कारंजा (घाडगे) तालुक्यात, नागपूर-अमरावती हमरस्त्यावरून आत गेलं की. हा गवळाऊचा मुलूख. वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके, शेजारचे काटोल-नरखेड, इकडे वरुड-मोर्शी, आणि वर मध्य प्रदेशात छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत ही जात पसरलेली. आमच्याकडच्या टेकड्यांमधले नंद गवळी ही जनावरं पिढ्यान् पिढ्या राखत आले. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ वाटांवर सामान झपाट्यानं हलवायला अशी चपळ, दुडक्या चालीची जनावरं लागत, त्यातून ही जात घडली असं सांगतात. जनावरांवरच्या जुन्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं आहे. दूध बेताचं, एका वेताला सरासरी सहाशे किलोच्या आसपास, पण बैल मात्र बंडीला जुंपला की थांबायचं नाव घेत नाही.

आता फोटोकडे बघा. तोंड लांब आणि अरुंद, कपाळ सपाट, डोळे बदामासारखे किंचित तिरके. शिंगं आखूड, टोकाला बोथट, जराशी मागे झुकलेली. अंग पांढरं, पण मान, वशिंड आणि मागचे पुठ्ठे राखाडी. सांड वयात आला की हा रंग गडद होत जातो. मानेखालची पोळी मोठी. शेपूट आखूड, गोंडा काळा, खूर काळे. हे सगळं बुध्यात होतं, आणि शिवाय एक गोष्ट फोटोत दिसत नाही ती म्हणजे त्याची चाल. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्याही पुढे पडायचा. ओल्या मातीत त्याच्या मागोमाग जाऊन बाबांनी ते मला दाखवलं होतं.

तो १९९६ च्या पावसाळ्यात जन्मला, बुधवारी, म्हणून बुध्या. आई आमची चंद्री. बाप हेटीकुंडीच्या सरकारी पैदास फार्मवरच्या सांडाच्या वाणाचा. चंद्री वासराला पाजून दोन्ही वेळचं मिळून पाच लिटरच्या वर दूध द्यायची, आणि गवळाऊ गाईनं एवढं देणं आमच्याकडे बोलण्यासारखी गोष्ट होती. शिवाय ती दरसाल व्यायची. बुध्या दीड वर्षाचा झाला तेव्हा बैलांचे एक व्यापारी कोठ्याशी आले. त्यांना त्याच्याच मापाचा जोड मिळाला होता. किंमत त्यांनी अशी सांगितली की आजी आतून बाहेर आली. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, आणि घरात आत्याच्या लग्नाचं देणं होतं.

बाबा ओसरीवर बसून होते. ते म्हणाले, "याले चिमटा लावला तं एका घरचं वावर वाहीन. सांड ठेवला तं साऱ्या गावच्या कोठ्यात याचे गोरे राहतीन." आजी काही बोलली नाही. व्यापारी चहा पिऊन गेले.

यात बाबांनी काय केलं ते शहरातल्या वाचकाला पटकन कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे चांगला गोऱ्हा दिसला की त्याचा बैल होतो. अंगापिंडानं उजवा, चालीला सरळ, रंगानं उठावदार, त्याला गिऱ्हाईक पहिलं. त्याला चिमटा लावतात, म्हणजे त्याचं खच्चीकरण होतं, आणि त्याचं रक्त तिथंच थांबतं. ज्याला कोणी विकत घेत नाही, ज्याचे पाय वाकडे, जो आजारानं खुरटला, तो गावात मोकळा फिरतो आणि गाई त्याच्याच पदरी पडतात. हे एका पिढीत दिसत नाही. पण चार-पाच पिढ्यांनी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात तिथं, उभं राहून बघा, जनावरं लहान झालेली असतात, दूध आटलेलं असतं, आणि लोक म्हणतात की गावरान गाय अशीच असते. गावरान गाय अशी नसते. तिचा नवरा आपण निवडला नाही, एवढंच झालेलं असतं. जातिवंत जनावर टिकवायचं तर सगळ्यांत चांगला नर बैल न करता राखावा लागतो, आणि त्या नराचं दरवर्षीचं खाणं कोणीतरी पदरचं घालावं लागतं. आमच्या गावात ते बाबांनी घातलं.

खाणं म्हणजे काय तर कडबा, तुरीचं कुटार, दोन वेळा सरकी ढेप आणि मीठ. मोकळा सोडलेला सांड लोकांच्या वावरात तोंड घालतो आणि माजतो. म्हणून बुध्या बांधलेला असायचा, आणि रोज पहाटे बाबा त्याला रेंगीला (हलक्या बंडीला) जुंपून नदीपर्यंत नेऊन आणायचे. सांडाला हलकं काम हवंच. अंग उतरत नाही आणि माणसाची सवय राहते. लहान पोरं त्याच्या पोटाखालून जायची.

१९९९ च्या पावसाळ्यात पहिली गाय आली. मी तेव्हा शाळेतून आल्यावर कोठ्याकडे जायचे, पण गाय सांडाला दाखवायला आणली की आजी मला आत पाठवायची. पोरीनं तिथं थांबायचं नाही असा दंडक होता. बाबांना लिहायचा कंटाळा, भाऊ लहान. गाय बांधून झाली, माणसं पाणी पिऊन ओसरीत टेकली, की बाबा हाक मारायचे, "लिहून घे वो बाई." मग मी वही घेऊन बसायची आणि विचारायची. गाव कोणतं? गाईचं नाव काय? कितव्या वेताची? आई कोण होती? मागच्या वेताला काय झालं? सुरुवातीला माणसं माझ्याकडे न बघता बाबांना उत्तर द्यायची. पुढं पुढं तीच माणसं दारातून विचारायला लागली, "बाई घरी हाय का? नोंद करायची हाय." आजीनंही मग मला आत पाठवायचं सोडून दिलं.

गाय दाखवल्याचे पैसे बाबांनी घेतले नाहीत. ती आमच्याकडची रीतच नाही. कोणी पायलीभर सरकी आणायचं, कोणी कडब्याच्या पेंढ्या टाकून जायचं, कोणी नुसतंच यायचं. एकवीस दिवसांनी गाय परत आली तर "उलटली" असं लिहायचं. नाही आली तर खूण करून ठेवायची आणि नऊ महिने उलटले की निरोप पाठवायचा: काय झालं, कालवड की गोऱ्हा, रंग कसा, उठून लवकर प्यायलं का.

सांडाचा एक मोठा उपयोग हल्ली विसरला जातो. आपल्या देशी गाईंमध्ये मुका माज फार. गाय ना हंबरते, ना लक्षण दाखवते, आणि माज दिवसभरातच निघून जातो. कृत्रिम रेतनाला डॉक्टर बोलवायचे तर मालकाला आधी माज कळायला हवा. तो कळला नाही की एकवीस दिवस गेले, असे दोन-तीन वेळा झालं की वर्षाचं वेत गेलं. बुध्याला चुकत नसे. आखरावर कळप थांबला की तो नाक वर करून ओठ दुमडायचा आणि नेमक्या गाईच्या मागं उभा राहायचा. गायकी (गुराखी) तिथूनच मालकाला आवाज द्यायचा.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात सांगते. परीक्षकांनी दात पाहिले, छाती पाहिली, दोन्ही अंड सारखे आहेत का ते हात लावून पाहिलं, आईचं दूध विचारलं, आणि मग मैदानात चालवून आणायला सांगितलं. चालवल्यावर निकाल लागल्यातच जमा होता. गवळाऊ वळूंत पहिला, आणि नंतर सगळ्या जातींच्या जनावरांत मिळून चॅम्पियन. ढाल, थोडी रोख रक्कम आणि पशुखाद्याचं पोतं. बाबा खूष होते, मीही. पण त्या दिवशी आम्हाला खरं मिळालं ते वेगळंच. तिथल्या एका वयस्कर पशुवैद्यांनी माझी वही चाळली, दोन-तीन पानं नीट वाचली आणि बाबांना म्हणाले, "वही छान आहे. आता एक करा. याच्या मुली माजावर यायच्या आत हा सांड गावातून हलवा."

बाबांना ते लागलं. पण डॉक्टरांनी समजावलं ते आजही मला पाठ आहे. बाप आणि मुलगी यांच्यापासून झालेल्या वासरात पंचवीस टक्के आंतरप्रजनन होतं. सावत्र बहीण-भावांपासून साडेबारा टक्के. रक्तात झाकून राहिलेले दोष त्यातून वर येतात: वासरं अशक्त जन्मतात, मरतात, दूध घटतं, गाई उलटू लागतात. चांगला सांड म्हणून तोच वर्षानुवर्षं ठेवला तर त्याच्याच मुलीनातींवर तो चढतो आणि त्यानं उभं केलेलं तोच मोडतो. म्हणून साधारण तीन वर्षांनी सांड बदलायचा. विकायचा नाही, चिमटा लावायचा नाही. दुसऱ्या गावच्या तितक्याच चांगल्या सांडाशी अदलाबदल करायची.

२००३ च्या उन्हाळ्यात बुध्या गेला. आष्टी तालुक्यातल्या एका गावात एक काका होते, त्यांच्याकडे सर्जा नावाचा सांड. दोन्ही घरच्या माणसांनी एकमेकांचे सांड, त्यांच्या आया, त्यांची वासरं पाहून घेतली होती. उन्हामुळे रात्रीचा प्रवास. बाबा आणि आमचा सालदार बुध्याला पायी घेऊन निघाले. तेव्हा तो सात वर्षांचा, अगदी भरात. आईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरी-गूळ दिला. आजी ओसरीतूनच म्हणाली, "पोरगी सासरी चालली तं असं होते." बाबा तीन दिवसांनी सर्जाला घेऊन आले आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

तिकडून नोंदी आणायच्या कशा? मी काकांना जोडकार्डं पाठवायची, एकावर प्रश्न आणि दुसऱ्यावर आमचा पत्ता. काका पेन्सिलीनं दाटीवाटीनं लिहून पाठवायचे. त्यांची काही कार्डं मी वहीत शिवून ठेवली आहेत. एका कार्डात लिहिलंय की बुध्याची पहिली पाच वासरं पाचही गोरे निघाले आणि गावातले लोक म्हणतात कारंज्याकडचा सांड पोरं देतो, पोरी देत नाही. पुढच्या कार्डात सहा कालवडींची नावं आहेत.

काकांकडे तीन वर्षं, मग २००६ ते २००८ नरखेडच्या बाजूला एका संत्रेवाल्यांकडे. तिथं गाई कमी होत्या, नोंदी तुटक आहेत. त्यानंतर बाबांनी त्याला घरी आणलं. २०११ च्या हिवाळ्यात तो गेला, पंधरा वर्षांचा होऊन. वावराच्या धुऱ्यावर मीठ टाकून पुरला.

मागे काय राहिलं हे मला नीट लिहायचं आहे, कारण लोक चांगल्या जनावराबद्दल बोलताना सगळं चांगलंच सांगतात आणि त्यानं पैदाशीचं नुकसान होतं. वहीत तीन गावं मिळून दोनशेच्या वर फळलेल्या गाईंच्या नोंदी आहेत. बुध्याची चाल त्याच्या बहुतेक पोरांत उतरली. पांढरा रंग, काळे खूर, मेच्या पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीतही चरायला जाणं, हे सगळ्यांत. मुलींचं दूध त्यांच्या आयांपेक्षा बरं निघालं, पण ते चंद्रीच्या जवळ क्वचितच गेलं. आणि दोन दोष वारंवार लिहिलेले सापडतात. एक, बऱ्याच मुलींचे आचळ आखूड. हातानं दूध काढणाऱ्या बाईला आखूड आचळाचा किती त्रास होतो हे तिलाच ठाऊक. चिमटीत धरून काढताना बोटं दुखून येतात. दुसरा, गोरे तापट. बैल म्हणून धावायला उत्तम, पण पहिली नांगरट शिकवताना माणूस दमायचा. वहीत एका बैलापुढे बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "जू मोडलं. दुसऱ्यांदा." म्हणून आखूड आचळाच्या गाईला बुध्याच्या वाणाचा सांड दाखवायचा नाही, हे आम्ही वहीवरून ठरवलं, आणि ते आजही पाळते.

ही पोरं एका जागी पाहायची तर पोळ्याला. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याच्याखाली गावच्या बैलजोड्या ओळीनं उभ्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि झडत्यांची (पोळ्याच्या गाण्यांची) चढाओढ चाललेली. बाबा माझ्या शेजारी उभे राहून हळू आवाजात मोजायचे. "हा चंद्रीच्या बहिणीचा. तो पाह्य, कान मागं टाकले, तो बुध्याचाच. तो डावा बुध्याचा, उजवा सर्जाचा." २००६-०७ च्या सुमारास आमच्या गावच्या तोरणाखाली निम्म्यांहून अधिक जोड्यांत बुध्याचा निदान एक तरी बैल असायचा. तोरण तुटलं की सगळ्या जोड्या एकदम निघायच्या, आणि पुढं कोण जाणार हे बाबांना आधीच ठाऊक असायचं.

त्या वर्षांनंतर ओळ आखूड होत गेली. त्याची कारणं सांड किंवा गाय यांच्यात नाहीत. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. उरलेली ज्वारी रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगाईंनी) राहू दिली नाही. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, आणि सोयाबीनच्या कुटारावर बैल वर्षभर तगत नाही. चराईचं रान झुडपांनी आणि कुंपणांनी आवळलं. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि काम दोन महिन्यांचं, तर भाड्यानं ट्रॅक्टर स्वस्त पडतो. सालदार मिळत नाही. बैल लागेना तशी बैल देणारी गाय कोणाला नको झाली. त्याच काळात संकरित गाई गावात आल्या. भरपूर हिरवा चारा, पाणी, ढेप आणि दुधाची गाडी दारात असेल तर त्या गाईंनी अनेकांचं घर चालवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्याकडच्या कोरडवाहू कास्तकाराकडे यातलं काही नव्हतं. मेमध्ये त्या गाई धापा टाकत उभ्या राहायच्या, माणसं त्यांच्या अंगावर ओली पोती टाकायची. कितीतरी घरांनी आधीची गवळाऊ गाय विकून ती जागा नव्या गाईला दिली होती. नवी टिकली नाही, आणि जुनी परत मिळण्यासारखी राहिली नव्हती.

मला सगळ्यांत हळहळ वाटते ती आमच्या जिल्ह्याची. १९४१ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या प्रेरणेनं गोसेवा संघ निघाला. जमनालालजी बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. देशभरातल्या लोकांनी गाईविषयी जिथं येऊन विचार केला, त्या वर्ध्याच्या स्वतःच्या गाईला आज गावागावात धड सांड मिळू नये, हे बरोबर नाही. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी यांच्या बरोबरीनं गवळाऊचं नाव यादीत येतं. पण यादीतल्या नावाला वासरं होत नाहीत.

शंकरपटाबद्दलही, म्हणजे बैलांच्या शर्यतींबद्दल, विचारतात, म्हणून लिहिते. बुध्याच्या दोन मुलांची जोडी आमच्या शेजाऱ्यांनी पटाला पळवली, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरलासुद्धा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परत सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधली सात वर्षं आमच्या भागात चपळ गोऱ्ह्याला कोणी विचारत नव्हतं, हे खरं आहे. आता पुन्हा भाव आलाय. पट असावा असंच माझं मत आहे. पण तुतारी (टोचायची काठी) आणि विजेचा धक्का वापरणाऱ्याला मैदानाबाहेर काढलंच पाहिजे. गवळाऊ बैलाला टोचावं लागत नाही. ज्याला टोचावं लागतं त्यानं एकतर बैल चुकीचा आणलाय, नाहीतर सराव दिलेला नाही. आणि पटाच्या हौशी माणसांना माझी एक विनंती: जिंकलेल्या जोडीच्या आया आणि बाप कोण ते विचारा, आणि त्या घरचा एक गोऱ्हा सांड म्हणून राखा. भाव वाढला की चिमटाही जोरात चालतो.

२००८ मध्ये माझं लग्न झालं, वरुड तालुक्यात. आंदण म्हणून काय हवं असं बाबांनी विचारलं तेव्हा मी यमुनी मागितली. बुध्याची मुलगी गंगी, तिची सर्जापासून झालेली ही कालवड, तीन वर्षांची. सासरी संत्र्याची बाग, गाईचा कोठा होता पण त्यात दोन म्हशी. सासूबाईंनी यमुनीचे आचळ चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "लांब हायेत. चालते." त्या एका वाक्यानं माझा जीव भांड्यात पडला. वही मी सोबत आणली होती.

यमुनीनंतर तापी, २०१२ ची. माझ्याकडे तेव्हा सांड नव्हता, म्हणून नागपूरच्या गोठित रेत प्रयोगशाळेतून आलेल्या गवळाऊ कांडीवर (गोठवलेल्या वीर्याच्या नळीवर) ती झाली. या कांड्यांचं महत्त्व मी मानते. द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंशाला ठेवलेलं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, आणि वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकड्यांनी कांड्या होतात. त्या वळूंची क्षय, संसर्गजन्य गर्भपात यांसाठी नेमानं तपासणी होते, जी गावच्या सांडाची कोणी करत नाही. बुध्याची एकही कांडी नाही. त्याच्या काळात आमच्या गावात तसं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यामुळे त्याचं जे काही आहे ते चालत्या-फिरत्या जनावरांतच आहे. तापीची पूर्णी २०१७ ची. आणि पूर्णीचा सोम्या २०२१ चा.

सोम्याचा बाप आष्टीकडचा, काकांच्या गावचा. काका आता नाहीत, पण त्यांच्या नातवानं कार्डं लिहिण्याची सवय फोनवर सुरू ठेवली. वही आणि फोन जुळवून मी सोम्याचा हिशेब मांडला. दर पिढीला रक्त निम्मं होतं. गंगीत अर्धं, यमुनीत पाव, तापीत आठवा हिस्सा, पूर्णीत सोळावा, म्हणून आईकडून सोम्याला बत्तिसावा. बाप बुध्याचा पणतू, त्याच्यात आठवा, म्हणजे तिकडून सोम्याला सोळावा. दोन्ही मिळून बत्तिसातले तीन हिस्से. हा सरासरीचा हिशेब. प्रत्यक्षात कोणता गुण कोणाकडे उतरला ते जनावर समोर उभं राहिल्यावरच दिसतं. सोम्याकडे चाल आली आहे. मागच्या पायाची खूण पुढच्या खुणेच्या पुढे पडते, मी आमच्या बागेतल्या ओल्या आळ्यांमधून नेऊन पाहिलं. स्वभाव मात्र यमुनीसारखा शांत.

२०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा पूर्णीच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, ताप चढला. सोम्याला वेगळ्या कोठ्यात बांधला, लस दोघांनाही वेळेत मिळाली नव्हती. कडुलिंबाचा धूर, गोचीड-माश्या झाडणं, जखमा धुणं, डॉक्टरांची औषधं, आणि घास हातानं तोंडात घालणं. पूर्णी वाचली. तालुक्यात ज्यांची वाचली नाही त्यांच्यात बुध्याच्या वाणाच्या दोन गाई होत्या, त्यांच्या नावापुढे तारखा टाकल्या.

आता प्रत्येक गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो आणि तिची नोंद सरकारी संगणकात जाते. फार चांगली गोष्ट आहे. बिल्ला मारायला येणाऱ्या मुलांना मी आई-बापाचे रकाने भरायला लावते. "बाप माहीत नाही" असं मी लिहू देत नाही. शेजारपाजारच्या बायका आता माझ्याकडे येतात, आणि मी त्यांच्या मुलींना वही कशी मांडायची ते शिकवते: तारीख, गाव, गाय, तिची आई, सांड, उलटली का, काय व्याली, दोष काय. दोषाचा रकाना कोणालाच भरावासा वाटत नाही. त्यासाठीच मी जास्त भांडते.

सोम्याच्या पहिल्या कालवडी गेल्या वर्षी झाल्या. त्या माजावर यायच्या आत त्याला इथून हलवायचं आहे. मोर्शीकडचं एक घर अदलाबदलीला तयार आहे. त्यांचा गोऱ्हा सध्या दोन दाती, हेटीकुंडीच्या वाणाचा, आणि तीन पिढ्यांत आमच्याशी नातं नाही. त्याच्या आईचं दूध मी समोर बसून, सकाळी आणि संध्याकाळी, मापून घेतलं. आचळ लांब आहेत, कास पुढं चांगली चढलेली. गोऱ्ह्याचा उजवा पुढचा खूर मात्र मला किंचित बाहेर वळलेला वाटतो. बांधून ठेवल्यामुळे खूर वाढलाय की पायातच वाक आहे, ते खूर कापून घेतल्यावर कळेल. मालकांना तसं सांगून आले आहे. पोळा झाला की पुन्हा जाईन आणि त्याला ओल्या वावरातून चालवून बघेन.